रेषेवरचा माणूस

४ जुलै २०२३ च्या रात्री बंगळूरच्या कांतीरवा क्रीडांगणावर दक्षिण आशियाई फुटबॉल अजिंक्यपदाचा भारत-कुवेत अंतिम सामना एक-एक अशा बरोबरीत अडकून, जादा अर्ध्या तासानेही न सुटता, पेनल्टीच्या फैसल्यावर येऊन ठेपला होता, आणि त्या घटकेला भारतीय संघाच्या बाजूस, मैदानाच्या पांढऱ्या रेषेलगत, जे गृहस्थ सूत्रे सांभाळीत उभे होते ते संघाचे मुख्य प्रशिक्षक नव्हते. ते होते गोव्याचे महेश गवळी. धेंपो क्लबच्या आणि भारताच्या बचावफळीत एके काळी पाय रोवून उभे राहिलेले, आणि त्या वेळी दुय्यम प्रशिक्षक या नात्याने चाकरीस असलेले. मुख्य प्रशिक्षक इगोर श्टिमात्स यांना त्या रेषेजवळ फिरकण्याचीही मुभा नव्हती. २१ जूनला पाकिस्तानशी झालेल्या सामन्यात, भारताचे दोन गोल होऊन चुकले असताना, चेंडू आत फेकावयास निघालेल्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातून त्यांनी तो चेंडू चक्क उडवून लावला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. पुढे सहा दिवसांनी, कुवेतशी झालेल्या साखळी सामन्यात, पंचांशी घातलेल्या हुज्जतीपायी दुसरे. एकाच स्पर्धेत दोनदा मैदानाबाहेर हाकलला गेलेला प्रशिक्षक आणि त्याच स्पर्धेत अजिंक्य ठरलेला त्याचा संघ, असा हा विलक्षण योग होता. गुरप्रीत सिंग संधूने कुवेतची शेवटची पेनल्टी अडविली, भारत पाच-चार असा जिंकला, आणि आनंदाच्या त्या कल्लोळात हद्दपारीचा हा तपशील कोणाच्या फारसा ध्यानी राहिला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मात्र तो ध्यानी राहिला, कारण श्टिमात्स यांच्या कारकिर्दीचे जुने दप्तर चाळू लागले की हाच प्रसंग वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या गणवेशांत, पुनःपुन्हा भेटतो. (राजाचा अंमल आणि खेळाडूची चाकरी या दोहोंनाही आपण 'कारकीर्द' हा एकच शब्द वापरतो, हे बरेच म्हणावयाचे, या गृहस्थाच्या बाबतीत दोन्ही अर्थ थोडेथोडे लागू पडतात.) बचावपटू हा तसा सरहद्दीवरचा अंमलदार. आपली हद्द कोठवर, परक्याची कोठून, कोणास आत येऊ द्यावयाचे आणि कोणास ठाण्याच्या अलीकडेच रोखावयाचे, हेच त्याचे काम; आणि श्टिमात्स यांच्या भाळी तर असा देश आला की, ज्याची सरहद्दच त्यांच्या ऐन तारुण्यात, त्यांच्या पायांखालून सरकली.

नावाविषयी आधी दोन शब्द. आपल्या वृत्तपत्रांनी इंग्रजी अक्षरांवरून त्यांचे 'स्टिमॅक' केले व तेच रूढ झाले. मूळ क्रोएशियन लिखाणात पहिल्या अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी खूण असते, ती 'स'चा 'श' करते, आणि अखेरचे अक्षर 'त्स' असे उच्चारावयाचे असते. खेळाडूस एकेरीत संबोधण्याचा मराठी क्रीडालेखनाचा जुना शिरस्ता आहे. तेव्हा मुलाचा व खेळाडूचा उल्लेख मी एकेरीतच करणार, आणि ते आपल्या देशाच्या नोकरीत रुजू झाले की पुन्हा आदरार्थी वळणावर येणार.

इगोर श्टिमात्स ६ सप्टेंबर १९६७ रोजी मेत्कोविच या गावी जन्मला. नेरेत्वा नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जो सुपीक, पाणथळ त्रिभुजप्रदेश निर्माण करते, त्याच्या तोंडाशी हे गाव वसलेले आहे. भोवती संत्र्याच्या जातीच्या मॅन्डरिन फळांच्या बागा, आणि गावाला लागूनच बॉस्निया-हर्झेगोविना या देशाची सीमा. तो जन्मला तेव्हा ही सीमा म्हणजे युगोस्लाव्हियाच्या दोन घटकराज्यांमधील नकाशावरची एक रेघ होती. आज तेथे पासपोर्ट तपासणारी चौकी आहे. या मुलखाला सरहद्दींचे वेड पुरातन आहे. १६९९ साली, कार्लोविट्सच्या तहाच्या वेळी, दुब्रॉव्हनिकच्या व्यापारी प्रजासत्ताकाने बलाढ्य व्हेनिसचा शेजार नको म्हणून मेत्कोविचच्या दक्षिणेकडील नेउम या किनारपट्टीची चिंधी तुर्की सुलतानाला देऊन टाकली. आणि त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या मुत्सद्देगिरीचे फळ असे की, स्प्लिटहून दुब्रॉव्हनिकला मोटारीने जाणाऱ्या क्रोएशियन नागरिकास आपल्याच देशातून आपल्याच देशात जाण्यासाठी वाटेत परका मुलूख ओलांडावा लागे. २०२२ च्या जुलैत पेल्येशाचचा पूल खुला झाला तेव्हा कोठे ही यातायात सरली.

अशा गावातून निघून हा मुलगा स्प्लिटला हायदुक क्लबच्या तालमीत दाखल झाला. 'हायदुक' म्हणजे तुर्की अमलाविरुद्ध डोंगरात राहून लढणारा बंडखोर; आपल्या बखरकारांनी त्याला 'पुंड' म्हटले असते आणि शाहिरांनी मात्र त्याच्यावर पोवाडा रचला असता. प्राग येथे शिकणाऱ्या स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी १९११ साली हा क्लब काढला, आणि बेलग्रेडचे रेड स्टार व पार्टिझान, झाग्रेबचा डिनामो यांच्या जोडीने तो युगोस्लाव्ह फुटबॉलच्या चार थोरल्या घराण्यांत मोडू लागला. या घराण्यांत मुलांच्या शिक्षणाची जी व्यवस्था होती, तिचे महत्त्व पुढे पटेल. वयाच्या अठराव्या वर्षी श्टिमात्स हायदुकच्या मुख्य संघातून खेळला. मध्यंतरी विन्कोव्त्सी येथील क्लबाकडे त्याला उसना धाडण्यात आले. (विन्कोव्त्सी हे व्हॅलेन्टिनियन आणि व्हॅलेन्स या रोमन सम्राट बंधूंचे जन्मगाव. त्या क्लबाने पुढे गावाचे रोमन नाव, 'सिबालिया', धारण केले. साम्राज्ये जातात आणि फुटबॉल क्लबांच्या पाट्यांवर उरतात.)

१९८७ च्या ऑक्टोबरात चिली देशात वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली. मिर्को योझिच या प्रशिक्षकाच्या हाताखाली तेथे गेलेल्या युगोस्लाव्ह संघाकडून घरी कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. त्या संघातली नावे आज वाचावीत: झ्वोनिमिर बोबान, रॉबर्ट प्रोसिनेच्की, दावोर शुकेर, रॉबर्ट यार्नी, प्रेद्राग मियातोविच, आणि बचावात इगोर श्टिमात्स. सांतियागोला अंतिम सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला पेनल्टींवर हरविले, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रोसिनेच्कीस मिळाला. विशीच्या आसपासची ही मुले एका भाषेत शिव्या देत होती, एका ध्वजाखाली उभी होती, आणि चार वर्षांनी आपापसांत कोण कोणत्या बाजूला असेल याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

ती चार वर्षे भरली ८ मे १९९१ या दिवशी. मार्शल टिटोच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना बेलग्रेडला होता. एका बाजूस क्रोएशियाचा हायदुक, दुसऱ्या बाजूस सर्बियाचा रेड स्टार. सहाच दिवसांपूर्वी, २ मे रोजी, डॅन्यूबकाठच्या बोरोवो सेलो या गावी बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते. देश अजून कागदोपत्री एक होता, परंतु घराघरांतून माणसे उंबऱ्याकडे पाहत झोपू लागली होती. रेड स्टारच्या संघात सिनिशा मिहाइलोविच नावाचा डाव्या पायाचा जबरदस्त खेळाडू होता. बाप सर्ब, आई क्रोएट, जन्म वुकोवारचा, आणि आईबाप राहत होते त्याच बोरोवोच्या परिसरात. सामन्याच्या उत्तरार्धात त्याची व श्टिमात्सची जुंपली आणि पंचाने दोघांनाही बाहेर काढले. श्टिमात्सने आपल्या कुटुंबाच्या मरणाची इच्छा बोलून दाखविली, असा आरोप मिहाइलोविचने पुढे अनेक वर्षे केला. श्टिमात्सने तो अनेक वर्षे नाकारला. आलेन बोक्शिचच्या एकमेव गोलावर हायदुकने तो सामना जिंकला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी रेड स्टारने बारी येथे युरोपीय चषक पटकाविला, आणि त्याच शरद ऋतूत वुकोवार सत्त्याऐंशी दिवसांच्या वेढ्यानंतर पडले. हायदुकने जिंकलेला तो टिटो-चषक परत करावयास देशच उरला नाही.

या प्रसंगी कोण काय बोलले याचा निवाडा करणे माझ्या अधिकारातले नाही, आणि तसा मोहही मला होत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या दोन तरुणांच्या तोंडी त्या दिवशी जे शब्द आले असतील, ते त्यांच्या दोन्ही समाजांनी आधीच तयार करून ठेवले होते, एवढे मात्र मला निश्चित वाटते.

पुढचा काही काळ घाईने सांगण्याजोगा आहे. १९९२ मध्ये तो स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला, अटलांटिकच्या लाटांनी तीन बाजूंनी वेढलेल्या कादिस शहरी गेला, आणि ज्या दोन हंगामांत तो तेथे होता त्या दोन्ही हंगामांच्या शेवटी तो क्लब एकेक पायरी खाली घसरला. १९९४ मध्ये तो स्प्लिटला परतला. क्निन गावाभोवतीचा मुलूख त्या वेळी सर्ब बंडखोरांच्या ताब्यात होता, राजधानी झाग्रेब व स्प्लिट यांच्यामधील सरळ मार्ग तुटलेला होता, आणि अशा अर्धवट वेढ्यातल्या शहराच्या क्लबाने चॅम्पियन्स लीगमध्ये बेन्फिकाच्या खालोखाल गटात दुसरा क्रमांक मिळवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे आयाक्सने स्प्लिटला गोलशून्य बरोबरी आणि ॲम्स्टरडॅमला तीन गोलांचा निकाल लावून त्यांची वाट अडविली. ते आयाक्स त्या साली युरोपचे अजिंक्यवीर झाले, तेव्हा या पराभवात लाजण्यासारखे काही नव्हते.

त्याच्या खेळाचा खरा भर दिसला तो मात्र इंग्लंडातील डर्बी या कारखानदारीच्या गावी. १९९५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर जिम स्मिथ या मुरब्बी व्यवस्थापकाने त्याला दुसऱ्या श्रेणीतल्या डर्बी काउंटी क्लबासाठी करारबद्ध केले. पहिलाच सामना ट्रॅनमीर येथे. श्टिमात्सने गोल केला आणि संघ पाच-एक असा आपटला. एखाद्या बचावपटूच्या आगमनाची याहून विपरीत वर्दी कोणी देऊ शकणार नाही: ज्याला गोल रोखावयास आणले त्याने एक केला आणि पाच होऊ दिले. परंतु त्यानंतर डर्बी सलग वीस सामने हरले नाही. स्मिथने मागे तीन खेळाडूंची फळी उभारली आणि तिच्या मधोमध या उंच, उतावळ्या पण चेंडू पायाशी आला की आश्चर्यकारक शांत होणाऱ्या परदेशी माणसाला ठेवले. इंग्लिश बचावपटूची त्या काळची रीत अशी की चेंडू दिसला की तो प्रेक्षागाराच्या छपरावर धाडावयाचा. श्टिमात्स तो पायाखाली घेई, मान वर करी, आणि चाळीस यार्डांवरच्या सहकाऱ्यापाशी पोहोचता करी. 'बेसबॉल ग्राउंड' असे चमत्कारिक नाव असलेल्या, चिखलाबद्दल विख्यात असलेल्या डर्बीच्या जुन्या मैदानावर ही चैन परवडत होती हेच नवल. १९९६ च्या वसंतात डर्बी प्रीमियर लीगमध्ये चढले आणि पुढच्या तीन हंगामांत अनुक्रमे बारावे, नववे व आठवे आले. त्या क्लबाचे जुने आश्रयदाते अजूनही त्याचे नाव प्रेमाने घेतात, आणि त्याच्या साऱ्या भटकंतीत एखाद्या गावाने त्याला बिनशर्त आपले म्हटले असेल तर ते स्प्लिटच्या खालोखाल हेच.

त्याच १९९६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातच युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. बुद्धिबळाच्या पटासारखा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा सदरा घालून स्वतंत्र क्रोएशिया प्रथमच मोठ्या स्पर्धेत उतरला आणि मँचेस्टरला उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीसमोर उभा राहिला. शुकेरने बरोबरी साधून पाच मिनिटे होतात न होतात तोच श्टिमात्सला लाल कार्ड मिळाले. आणखी तीन मिनिटांत झामेरने जर्मनीचा विजयी गोल केला. बेलग्रेड, मँचेस्टर आणि सत्तावीस वर्षांनी बंगळूर: आपल्या हद्दीत कोणी पाऊल टाकलेले न खपणारा हा माणूस नेमका ऐन मोक्याच्या घटकेला स्वतःच हद्द ओलांडतो. या त्रुटीला त्याचे चाहते 'आवेश' म्हणतात. मला ती बचावपटूच्या धंद्यातली मूळ जोखीम वाटते. रेषेवर फार वेळ उभा राहिलेल्या पहारेकऱ्याला ती रेषा आपल्याच मालकीची वाटू लागते.

१९९८ साली फ्रान्समध्ये त्या सदऱ्याचे चीज झाले. मिरोस्लाव ब्लाझेविच, ज्याला सारा देश लाडाने 'चिरो' म्हणे, हा अर्धा सेनापती आणि अर्धा सोंगाड्या असा प्रशिक्षक. जर्मन गुंडांच्या मारहाणीत जबर जखमी झालेल्या एका फ्रेंच शिपायाच्या सन्मानार्थ तो डोक्यावर फ्रेंच पोलिसी टोपी चढवून बाकावर बसे. मागे तीन बचावपटूंची फळी: बिलिच, श्टिमात्स आणि शिमिच. ४ जुलैला लिओं येथे या संघाने जर्मनीला तीन-शून्य असे लोळविले आणि मँचेस्टरचे उट्टे काढले. उपांत्य सामन्यात शुकेरने आघाडी घेतल्यावर एका मिनिटात फ्रान्सच्या तुरामने ती पुसली आणि पुढे दुसरा गोल करून स्वप्न मोडले. परंतु नेदरलंड्सला दोन-एक असे हरवून, चाळीस लाखांपेक्षा थोडी अधिक वस्ती असलेल्या त्या देशाने जगात तिसरा क्रमांक पटकाविला. जागतिक क्रमवारीच्या तक्त्यात मार्च १९९४ मध्ये एकशेपंचविसाव्या स्थानावर असलेला क्रोएशिया जानेवारी १९९९ मध्ये तिसऱ्या स्थानावर होता. हे दोन आकडे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावेत. माझा सारा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

लंडनच्या वेस्ट हॅम क्लबात दोन हंगाम, मग पुन्हा हायदुक, आणि २००२ मध्ये खेळातून निवृत्ती. क्रोएशियासाठी एकूण ५३ सामने, दोन गोल. त्यानंतर क्लबाचे व्यवस्थापन, प्रशिक्षण, संघटनेतले राजकारण असे बरेच उद्योग करून २०१२ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याच्या गटात आला सर्बिया. सर्बियाचा प्रशिक्षक कोण, तर सिनिशा मिहाइलोविच. नाटककाराने असा योग जुळविला असता तर समीक्षकांनी त्याला बेतीव ठरविले असते. दोघांनी सामन्याआधीच भेटून जुने वैर मिटविल्याचे जाहीर केले. पाहुण्या प्रेक्षकांना दोन्ही गावी मज्जाव करण्यात आला. २२ मार्च २०१३ रोजी झाग्रेबला क्रोएशिया दोन-शून्य जिंकला आणि सप्टेंबरात बेलग्रेडला एक-एक बरोबरी झाली. झाग्रेबच्या सामन्यातच अठरा वर्षांच्या मातेओ कोवाचिचला श्टिमात्सने पहिली संधी दिली, ही त्याच्या पारखीची खूण. पण ऑक्टोबरात स्कॉटलंडकडून ग्लासगोला हार पत्करल्यावर पद गेले. मिहाइलोविच १६ डिसेंबर २०२२ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निवर्तला.

इराणातील सेपाहान आणि कतारमधील अल-शहानिया या क्लबांत थोडाथोडा काळ काढून, मे २०१९ मध्ये इगोर श्टिमात्स भारताचे प्रशिक्षक झाले. बाल्कन प्रदेशाशी आपल्या फुटबॉलचा ऋणानुबंध तसा जुना, आणि बहुतांशी मार खाण्याचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा-एक असे हरविले. त्या पथकात हायदुकचे बेआरा व वुकास हे दोघे होते, आणि आपले अनेक खेळाडू अनवाणी होते. १९५६ मध्ये मेलबर्नला, ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. या खेपेस आपल्या पायांत बूट होते, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने गोल करून भारताला काही काळ आघाडीही मिळवून दिली, पण शेवट चार-एक असा झाला. १९८४ मध्ये मिलोव्हान चिरिच या युगोस्लाव्ह प्रशिक्षकाने आपल्याला आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेपर्यंत नेले. तेव्हा त्या बाजूचा माणूस बोलावणे यात अपूर्वाई नव्हती. अपूर्वाई होती ती विश्वचषकाचे कांस्यपदक गळ्यात घातलेला माणूस दारी येण्याची.

आरंभ बरा झाला, निदान तसे भासले. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे, कर्णधार सुनील छेत्री आजारी असताना, भारताने आशियाई अजिंक्य कतारला गोलशून्य रोखले. तो सामना म्हणजे बचावाचा एक निबंधच होता, आणि तो कोणी लिहून दिला हे सांगावयास नको. परंतु पुढच्याच महिन्यात कोलकात्यास बांगलादेशाने आपल्याला शेवटच्या घटकेपर्यंत झुलविले आणि गोव्याच्या आदिल खानने अखेरच्या क्षणी डोके घातले म्हणून बरोबरी पदरी पडली. २०२१ मध्ये दोहाच्या परतीच्या सामन्यात मुंबईच्या राहुल भेकेला सतराव्याच मिनिटाला लाल कार्ड मिळून संघ दहांवर आला, तरी पराभव एकाच गोलाचा झाला. संयुक्त अरब अमिरातीने त्याच वर्षी सहा गोल केले. चढउताराचा हा क्रम वर्षानुवर्षे चालला; कधी मालेला, कधी बंगळूरला दक्षिण आशियाचे विजेतेपद, इंफाळ व भुवनेश्वर येथील स्पर्धांतले यश, आणि जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत नव्व्याण्णवावा क्रमांक.

या नव्व्याण्णवाने आपण फसलो. १९९४ मध्ये क्रोएशिया एकशेपंचविसावा होता तो केवळ कागदावर. देश नवा, सामने थोडे, गुण थोडे. त्या आकड्याच्या मागे बोबान, शुकेर, प्रोसिनेच्की असे चिलीचे विजेते उभे होते, आणि त्यांच्या मागे हायदुक व डिनामोच्या तालमी, दहा वर्षांच्या पोराला चेंडू थांबवावयास शिकविणारे वस्ताद, अर्ध्या शतकाची परंपरा. ते वर चढले नाहीत. ते जेथे होतेच तेथे तक्त्याने त्यांना उशिरा नेऊन बसविले. भारताचा आकडा मात्र खराच होता. आपल्या संघटनेने एका दंतकथेला नोकरीस ठेवले आणि तिच्याकडून दंतकथेची पुनरावृत्ती मागितली. आणि श्टिमात्स यांचाही अपराध हा की, आपण ती शिडी चढून आलो आहोत असे त्यांना मनोमन वाटत असावे. वस्तुतः ते जेथे जन्मले तेथे जिना बांधलेलाच होता. आपण त्यांच्याकडे गवंडीकामाची अपेक्षा केली नाही, आणि तसे काम हाती घेण्याइतका त्यांचा स्वभावही सबुरीचा नव्हता.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतवंशीय खेळाडूंना संघात घेता यावे म्हणून त्यांनी सतत तगादा लावला. २०२३ च्या हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेस क्रीडाखात्याचा नियम आड येऊन फुटबॉल संघ जाणारच नाही असे दिसताच त्यांनी थेट पंतप्रधानांना जाहीर अर्ज केला आणि नियम शिथिल झाला. मग क्लबांनी खेळाडू सोडावयास खळखळ केली, आणि जो संघ कसाबसा जमला तो उतरताच चीनशी खेळून पाच-एक हरला, तरी बादफेरीपर्यंत पोहोचला. त्याच सप्टेंबरात, आदल्या वर्षीच्या सामन्यांकरिता संघनिवडीत एका ज्योतिष्याचा सल्ला घेतला गेला आणि त्याची गाठ संघटनेच्या अधिकाऱ्यानेच घालून दिली, असे वृत्त एका इंग्रजी दैनिकात आले, व देशभर हशा पिकला. लग्नापासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या समाजाने या प्रकरणी जो विवेकवाद दाखविला तो खरोखर हृद्य होता.

२०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई चषकाच्या तीन सामन्यांत भारताचे तीन पराभव झाले, आणि एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, त्याने पेनल्टीवर गोल केला असूनही अफगाणिस्तानने आपल्याला दोन-एक हरविले. ६ जूनला कोलकात्यास छेत्री निवृत्त झाला तो कुवेतशी गोलशून्य बरोबरी पाहून. आणि मग ११ जून, दोहा, समोर कतार. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच पाऊल ठेवावयाचे तर जिंकणे हाच खात्रीचा मार्ग. छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली, आणि त्र्याहत्तराव्या मिनिटापर्यंत ती टिकली. त्या मिनिटाची चित्रफीत प्रस्तुत लेखकाने पुष्कळदा थांबवून थांबवून पाहिली आहे. गुरप्रीतने डोक्याने मारलेला चेंडू अडविला, चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाजूने अंत्यरेषेच्या पलीकडे गेला, भारतीय खेळाडू थबकले, कतारच्या एकाने तो पायाने मागे ओढला आणि युसेफ आयमेनने जाळ्यात सारला. पंचाने गोल दिला. चित्रफीत तपासून निर्णय फिरविण्याची सोय त्या फेरीत नव्हती. बारा मिनिटांनी कतारने दुसरा गोल केला.

या अन्यायाविषयी आपण रास्त आक्रोश केला, तक्रार दाखल केली, आणि तिचे पुढे काही झाले नाही. परंतु अफगाणिस्तानशी दोन सामन्यांत एकच गुण मिळविणाऱ्या संघाची वाट एका चेंडूने अडविली असे मानणे ही आत्मवंचना आहे. तिसरी फेरी गाठली नाही तर पद सोडीन असे श्टिमात्स आधी म्हणाले होते. त्यांनी ते सोडले नाही, आणि १७ जूनला संघटनेने त्यांना बडतर्फ केले. करार २०२६ पर्यंतचा होता. नुकसानभरपाईचा जाबसाल काही महिने चालून चार लाख डॉलरांवर मिटला. जुलैच्या तक्त्यात भारत एकशेचोविसावा होता. वर्षभर गोव्याच्या क्लबाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केस यांनी कारभार पाहिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती जागा मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षे खेळलेल्या व शिकविलेल्या खालिद जमील यांच्याकडे आली.

पेनल्टीचे निकाल जमेस धरले तर श्टिमात्स यांच्या हिशेबी भारताचे १९ विजय, २० पराभव आणि १४ बरोबऱ्या पडतात. बेरीज ५३, क्रोएशियाच्या सदऱ्यात ते स्वतः खेळले तेवढेच.